आगरकरांनी ‘केसरी’ सोडला तेव्हा

टिळक-आगरकरांचा वाद आपण शाळेतच शिकतो. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा हमखास परीक्षेत येणारा प्रश्न! मला मात्र त्या वादात वाचकाचं काय झालं, हे विचारावंसं वाटतं.

न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींनी जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ काढला. संपादक आगरकर. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक-आगरकर दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढं १८८४ मध्ये मलबारींनी बालविवाहाचा प्रश्न सरकारदरबारी नेला आणि मतभेद उघडे पडले. आगरकरांना कायदा हवा होता. परक्या सरकारनं यात पडू नये, असं टिळकांचं म्हणणं. पत्र साऱ्या मंडळींचं, त्यामुळं एकट्या संपादकाचं मत चालेना. १८८७ मध्ये आगरकर बाहेर पडले आणि वर्षभरानं त्यांनी ‘सुधारक’ काढला.

याला आपण बाणेदारपणा म्हणतो. तो होताच. पण ‘केसरी’ उघडल्यावर नाइलाजानं आगरकर वाचणारा जो सनातनी गृहस्थ होता, त्याची मात्र सुटका झाली! ‘सुधारक’ कोण घेणार? बहुतेक आधीच पटलेले. केशवपनावर आगरकरांनी तिथं जे लिहिलं, ते ‘केसरी’त मावलं नसतं, हे मान्य. तरी ज्या घरांत ते जायला हवं होतं, तिथं त्यांच्या नावाच्या शिव्याच गेल्या. पुण्यात तर जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. त्या गर्दीतल्या किती जणांनी ‘सुधारक’ हातात धरला असेल?

आगरकर १८९५ मध्ये वारले, चाळिशीही न गाठता. ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख आला. तो टिळकांनी लिहिला होता.