रहस्यकथा आणि कविता

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"तुम्ही कविता करता आणि वाचता मात्र रहस्यकथा! हे कसे?" असे मला नेहमी विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात कविता म्हणजे देवघर आणि रहस्यकथा म्हणजे माळ्यावरची अडगळ! बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' उशीखाली दडवून वाचलेल्या भगिनी इथेही असतीलच. म्हणून आज दोन्ही आवडींची बाजू एकदमच मांडते.

पहिली साक्ष एडगर ॲलन पो याची. हा अमेरिकन लेखक मुळात कवी. १८४१ साली त्याने दुपाँ या चतुर माणसाची पहिली कथा लिहिली आणि आधुनिक रहस्यकथेचा पाया घातला. १८४५ साली 'द रेव्हन' या कवितेने त्याचा बोलबाला झाला. पुढच्याच वर्षी त्याने एका निबंधात सांगितले, की ही कविता आपण शेवटापासून रचायला घेतली. रहस्यकथेचीही रीत तीच. शेवट मनाशी पक्का, मग सुरुवात!

दुसरी साक्ष एका बाईची, डोरोथी सेयर्सची. १९१५ साली ती ऑक्सफर्डची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. पण तेथे बायकांना पदवी देतच नसत. ती मिळायला १९२० साल उजाडले. तिचे पहिले पुस्तक कवितांचे, १९१६ सालचे. १९२३ पासून तिने लॉर्ड पीटर विम्सी या हेराच्या कथा लिहिल्या आणि पुढे दान्तेचे महाकाव्य इंग्रजीत आणायला घेतले. 'नरक' १९४९ साली आणि 'शुद्धिलोक' १९५५ साली प्रसिद्ध झाले. 'स्वर्ग' अपुरा राहिला. १९५७ साली ती वारली. तिच्या मैत्रिणीने, बार्बरा रेनॉल्ड्सने, तो पुरा करून १९६२ साली छापला. दान्ते किती रंगवून गोष्ट सांगतो, याचेच सेयर्सला मोठे कौतुक होते. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईलाच ते नेमके दिसावे, यात मला नवल वाटत नाही.

कवी सेसिल डे-लुइस याने मात्र १९३५ पासून रहस्यकथा 'निकोलस ब्लेक' या टोपणनावाने लिहिल्या. तोच १९६८ साली इंग्लंडचा राजकवी झाला. तेव्हा उशीखाली दडवणे आपल्याकडेच चालते असे नाही!

मला स्वतःला या दोघींनी एकच धडा दिला. दोन्हीकडे फालतू शब्दाला जागा नाही. तिसऱ्या पानावरचा विझलेला दिवा शेवटी साक्षीला येतो. पहिल्या कडव्यातला साधा शब्द शेवटच्या ओळीत वेगळाच उजळतो. दोन्हीकडे निम्मे काम वाचणारीने करायचे असते.

दुपारचा घटकाभर वेळ हाती आला, की "काहीतरी उपयोगी वाचा" हा उपदेश आपल्याला हमखास ऐकू येतो. भगिनींनो, भाजीचा हिशेब आणि मुलांचा अभ्यास यांतून वाचवलेली ती घटका आपली स्वतःची आहे. तिच्यात काय वाचावे, हे आपणच ठरवावे आणि पुस्तक उजळ माथ्याने हाती धरावे.

मंडळाच्या कपाटात दोघींना एकाच फळीवर जागा द्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.