पायाशी चेंडू

जेथे तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उतरतात आणि सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमकडे पेठाच्या पेठा लोटतात, त्या कोल्हापुरातील पोरास जोरकस किक मारावयास शिकवावे लागत नाही. शिकवावा लागतो तो पास. आठ ते बारा वर्षांच्या मुलास मोठ्यांचा, 68 ते 70 सेंटिमीटर परिघाचा चेंडू न देता चार नंबरचा द्यावा. आधाराचे पाऊल चेंडूशेजारी, त्याची बोटे सोबत्याच्या दिशेस, मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ आणि स्पर्श पावलाच्या आतील कडेचा. चवड्याच्या टोकाने ठोकण्यास सक्त मनाई. चेंडू घेताना मात्र स्पर्शाच्या क्षणीच पाऊल किंचित मागे ओढावे, म्हणजे त्याचा वेग तेथेच जिरून तो पायाशी राहतो. आणि ही हातोटी, माझ्या मते, प्रशिक्षकाच्या उपदेशापेक्षा घरामागील भिंतीवर चेंडू मारून परतलेला अडविण्याने लवकर साधते. सरावात डाव्या पायाची हयगय करू नये.