स्लेटनेसचा दिवा

दीपस्तंभ म्हणजे रोज तिन्हीसांजेला लागणारा दिवा, असं आपण धरून चालतो. नॉर्वेच्या उत्तर टोकावर, गामविक गावाजवळचा स्लेटनेसचा दीपस्तंभ मात्र उन्हाळाभर विझलेला असतो. तेव्हा तिथे मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही; मग दिवा लावायचा कुणासाठी? ऑगस्टात अंधार परतला की तो पुन्हा लागतो आणि एप्रिलपर्यंत बॅरेंट्स समुद्रातल्या मच्छीमारांना वाट दाखवतो.

ओतीव लोखंडाचा हा ३९ मीटर उंच मनोरा १९०५ साली सुरू झाला. १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी फिनमार्क प्रांतातली गावंच्या गावं जाळली, त्यात हाही उद्ध्वस्त झाला. गावं अजून पुरती सावरली नव्हती, तरी १९४८मध्ये दिवा पुन्हा उभा राहिला. मला याचं फार अप्रूप वाटतं.