लेकीची परदेशी नोकरी आणि गटाचं कर्ज



आमच्या गटाच्या मासिक सभेत एक लाखाच्या कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, ‘मुलीची परदेशी नोकरी’. मुलगी बी.एस्सी., बी.एड. पवित्र पोर्टलवरच्या भरतीची वाट बघत ती खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर गणित शिकवते. एक एजंट तिला म्हणाला, “इंग्लंडला शिक्षक मिळत नाहीत. चार लाख भरा, नोकरी पक्की. एक लाख आधी, बाकीचे व्हिसाच्या वेळी.” बाकीच्या तीन लाखांसाठी आई दागिने गहाण ठेवणार होती.

आम्ही लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आधी माहिती काढली.

एजंटाची पहिली गोष्ट खरी निघाली. इंग्लंडमध्ये गणित-विज्ञानाचे शिक्षक कमी पडतात. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांनाही तिथल्या शिक्षक-पात्रतेसाठी अर्ज करता येतो. पण हा अर्ज तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर आपला आपण करायचा असतो, आणि त्याला फी नाही. शिवाय पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. नोकरी शाळा देते. व्हिसासाठी त्या शाळेकडे परदेशी माणूस नेमायचा परवानाही लागतो. मग एजंट ‘पक्की’ कशाच्या जोरावर म्हणतो?

असंच एकदा अमेरिकेत घडलं. तिथल्या लुइझियाना राज्यात शिक्षक कमी होते, म्हणून २००७ पासून फिलिपिन्स देशातून सुमारे ३५० शिक्षक नेले. नोकऱ्या खऱ्या होत्या, शाळाही खऱ्या होत्या. पण एकेकाकडून सुमारे १६ हजार डॉलर घेतले गेले, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसहा-सात लाख रुपये. आधी थोडे घेतले, आणि माणूस अडकल्यावर मोठी रक्कम मागितली. अनेकांनी भारी व्याजाने कर्ज काढलं. पैसे फिटेपर्यंत पासपोर्ट अडवल्याचीही तक्रार होती. शेवटी शिक्षक एकजुटीने कोर्टात गेले. डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने त्यांना ४५ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. न्याय मिळाला, पण त्यात किती वर्षं गेली बघा.

आता आपला हिशोब मांडू. आमच्या गटाचं व्याज शेकडा दोन रुपये. लाखाला महिन्याला दोन हजार. मुलगी विमानात बसेपर्यंत ते कोण भरणार? आई, मजुरीतून. आणि ती थकली, तर गटाचे सगळेच व्यवहार अडकणार.

आपल्या सरकारचा नियमही आम्हांला कळला. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ती यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. नोंदणी असलेल्या एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. कुठे तीस हजार, कुठे चार लाख!

मग आम्ही ठराव केला. अशा कर्जाआधी चार गोष्टी बघायच्या. एजंटाचा नोंदणी क्रमांक. शाळेचं नाव-पत्ता आणि पगार लिहिलेलं नेमणूक पत्र. प्रत्येक रुपयाची पावती. आणि त्या शाळेशी मुलीचं स्वतःचं बोलणं.

एजंटाकडे नोंदणी क्रमांक मागितला, तर तो म्हणाला, “विश्वास नसेल तर राहू द्या.” आम्ही राहू दिलं.

मुलगी मात्र रडली. म्हणाली, “मावशी, तुम्हीच माझी वाट अडवली.” ते शब्द आम्हांला लागले. इथे भरती नाही आणि बाहेरची वाटही आम्हीच बंद केली, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं? म्हणून आम्ही तिला दाखले आणि कागदपत्रांसाठी पाच हजारांचं कर्ज दिलं. आता ती स्वतःच अर्ज भरते आहे. नोकरी मिळेल की नाही, आज कुणालाच सांगता येणार नाही. पण आईचे दागिने घरात आहेत.

सख्यांनो, लेकींना लांब जाऊ द्या, जरूर जाऊ द्या. फक्त पैसे देण्याआधी कागद मागा, आणि तो कागद गटात सगळ्यांसमोर वाचा.