काटा, बोटे आणि सौजन्य

बदलीच्या नोकरीमुळे नाना प्रांतांच्या पंगतींना बसण्याचा योग मला आला. एकदा दिल्लीत वरिष्ठांकडे मेजवानी होती; गावाहून आलेले वडीलही सोबत होते. त्यांनी काटा-चमचा बाजूला सारून हाताने भात कालवला आणि मी ओशाळून मान खाली घातली.

पुढे वाचनात आले की, युरोपातही शतकानुशतके लोक बोटांनीच जेवत असत. इरॅस्मसने १५३० साली मुलांसाठी शिष्टाचाराचे पुस्तक लिहिले. बरबटलेली बोटे चाटू नयेत, अंगरख्याला पुसू नयेत, असे त्यात बजावले आहे. टॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी १६०८ मध्ये इटलीत गेला. मांस कापताना तेथील लोक ते काट्याने धरीत. सर्वांचीच बोटे सारखी स्वच्छ नसतात, हे त्याचे कारण. कोरियटने ही रीत उचलली, तेव्हा स्वदेशात त्याची थट्टाच झाली! हाच गृहस्थ पुढे बव्हंशी पायी हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरतेस वारला.

इटलीतला काटा काय किंवा आपला उष्ट्याखरकट्याचा विचार काय, आपला हात दुसऱ्याच्या अन्नाला लागू नये, हीच काळजी दोहोंच्या मुळाशी आहे.

त्या रात्री वडिलांनी जेवणापूर्वी हात स्वच्छ धुतले होते आणि शेजाऱ्याचे ताट वाढून होईपर्यंत घासाला स्पर्श केला नव्हता. शिष्टाचारात उणा पडलो होतो तो मीच.