इंटरनेटची वाहतूक : पाहणी आणि आकारणी



घरांत येणाऱ्या पाण्याला मीटर असतो, विजेलाहि असतो. त्यावरील आकडा आपण स्वतः वाचूं शकतों, आणि बिल अवाच्या सवा आलें तर त्या आकड्याकडे बोट दाखवून तक्रारहि करूं शकतों. इंटरनेटच्या लाईनीला असा डोळ्यांना दिसणारा मीटर नसतो. मोजणी होत असते. परंतु ती कोठें होते आणि कशी होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ठराविक रक्कम भरून भागतें तोंवर ठीक आहे. पण जेथें एकाच लाईनीवर पुष्कळांचा व्यवहार चालतो, अशा महाविद्यालयांत किंवा कचेऱ्यांच्या इमारतींत एकाच्या मोजणींतील चूक दुसऱ्याच्या खिशांतून भरून निघते.

ही गोष्ट मी अनुभवानें सांगत आहें. कांहीं वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेच्या नेटवर्कची व्यवस्था माझ्याकडे होती. बाहेरच्या लाईनीचें बिल सर्व विभागांनीं वापराच्या प्रमाणांत वांटून घ्यावें, असें समितीनें ठरविलें होतें. त्यांपैकीं एका विभागानें नवे संगणक आणले, आपली जोडणी १०० मेगाबिटवरून १ गिगाबिटवर नेली आणि रात्रंदिवस काम सुरू केलें. पुढच्या महिन्यांत त्या विभागाचें बिल चक्क उतरलें! इतरांचें चढलें. ग्रंथालयाचे प्रमुख माझ्या टेबलाशीं आले आणि शांतपणें म्हणाले, "अहो, आमच्याकडे तर सुटी होती. मग आमचा वांटा वाढला कसा?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

आमची सारी मोजणी एमआरटीजी नांवाच्या साधनावर चालत असे. टोबियास ओटिकर या स्विस गृहस्थानें १९९४-९५च्या सुमारास, इंग्लंडांत लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठांत असतांना तें लिहिलें. त्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशीं जोडणारी लाईन अवघी ६४ किलोबिटची होती, आणि ती कितपत भरली आहे हें सर्वांना दिसावें एवढाच लेखकाचा हेतु होता. या साधनाची रीत साधी आहे. नेटवर्कमधील प्रत्येक यंत्र आपल्या दारांतून किती बाइट गेले-आले याचा चढता आकडा ठेवतें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एसएनएमपी या नियमसंहितेप्रमाणें तो आकडा दुरून विचारतां येतो. एमआरटीजी दर पांच मिनिटांनीं तो विचारतें, मागचा आकडा त्यांतून वजा करतें आणि आलेख काढतें.

घोटाळा त्या वजाबाकींत होता. जुन्या पद्धतीचा हा आकडा ३२ बिटांचा असतो; ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपर्यंत चढतो आणि मग जुन्या मोटारीच्या मैलमापकाप्रमाणें पुन्हां शून्यावर येतो. १०० मेगाबिटची लाईन भरून वाहत असली तर हा फेरा पुरा व्हावयास सुमारें पावणेसहा मिनिटें लागतात. दर पांच मिनिटांनीं विचारणारा माणूस एखादा फेरा ओळखून हिशेब जुळवूं शकतो. पण १ गिगाबिटवर तोच फेरा सुमारें ३४ सेकंदांत पुरा होतो. पांच मिनिटांत आठ फेरे होऊन गेले तरी विचारणाऱ्याला फार तर एकच समजतो. अशा मोजणींत वेग ११४ मेगाबिटांच्या वर दिसणें शक्यच नाहीं, मग प्रत्यक्षांत तो कितीहि असो. त्या विभागाचें काम वाढलें आणि बिल घटलें तें यामुळें. यावर उपाय होता आणि तो जुनाच होता : ६४ बिटांचा आकडा विचारावयाचा. आमच्या मुख्य लाईनीवर तो चालूहि होता. विभागांच्या दारांवर बदल करणें मात्र माझ्याकडून राहून गेलें होतें.

ही दुरुस्ती केल्यावरहि ग्रंथालयाचा आकडा मोठाच राहिला. कारण दारावर बसलेल्या मोजणीदाराला माल किती गेला एवढेंच कळतें, कोठें गेला हें कळत नाहीं. ग्रंथालयाची सूची आवारांतीलच विद्यार्थी पाहत. त्या वाहतुकीचा बाहेरच्या लाईनीशीं कांहीं संबंध नसतांना तिचाहि पैसा ग्रंथालयाच्या नांवावर पडत होता.

हा भेद करावयाचा तर प्रवाहाची नोंद ठेवणारें साधन पाहिजे. सिस्को कंपनीनें १९९६ मध्यें नेटफ्लो ही पद्धत आणली. तींत प्रत्येक संभाषणाची नोंद होते : कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याला, केव्हांपासून केव्हांपर्यंत, किती बाइट. पूर्वीच्या ट्रंक-कॉलच्या तपशीलवार बिलासारखाच हा प्रकार. अशा नोंदी गोळा करून त्यांची बेरीज देणारीं एनएफडम्प, पीएमएकेट यांसारखीं साधनें विनामूल्य मिळतात. आंतली वाहतूक वगळून केवळ बाहेरची वांटणें त्यांमुळें शक्य झालें.

परंतु यांतहि दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. मोठ्या लाईनीवर यंत्राचा भार कमी करण्यासाठीं हजारांतून एकच पॅकेट पाहून त्याला हजारानें गुणण्याची सोय असते. लाईन कशानें भरली हें पाहण्यास ती उत्तम. मोठ्या गिऱ्हाइकाचा हिशेबहि जवळजवळ बरोबर येतो. मात्र ज्याचीं पॅकेटें थोडीं, तो एक तर फुकट सुटतो, नाहीं तर एका पॅकेटाच्या बदल्यांत हजारांचा धनी होतो. ज्यावर पैसे घ्यावयाचे त्या मोजणींत ही काटकसर मला तरी मान्य नाहीं. दुसरी गोष्ट घराघरांतील माणसानें लक्षांत घेण्याजोगी आहे. या नोंदींत पाकीट फोडलेलें नसतें, पण पत्ता आणि शिक्का वाचलेला असतो. कोण कोणाशीं केव्हां बोलला याची वही कोणाच्या कपाटांत राहते आणि किती दिवस राहते, हें ती ठेवणाऱ्यास विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

वसतिगृहांसारख्या ठिकाणीं, जेथें माणशीं हिशेब हवा, तेथें रेडियस ही पद्धत सोयीची. माणूस नांव व खूण सांगून आंत येतो तेव्हां एक नोंद, बाहेर जातो तेव्हां दुसरी. आपल्याकडे अडचण येते ती वीज गेल्यावर. यंत्रच बंद पडलें म्हणजे दुसरी नोंद येतच नाहीं. म्हणून मधूनमधून चालू नोंदी मागवून ठेवाव्या लागतात.

वरच्या पुरवठादाराची रीत आणखी निराळी असते. पुष्कळदां तो एकूण माल मोजतच नाहीं. महिन्याभरांतील पांच-पांच मिनिटांचे वेग उतरत्या क्रमानें मांडून वरचे शेंकडा पांच सोडून देतो आणि त्याखालच्या वेगावर पैसे घेतो. तीस दिवसांचे असे ८,६४० आकडे होतात. त्यांतले ४३२ सुटतात, म्हणजे ३६ तास माफ. महिन्यांत तीस तास लाईन तुडुंब भरून वापरलीत तर तिचा भार नाहीं, चाळीस तास वापरलीत तर महिनाभराचें बिल त्याच चढ्या भावानें. हें बिल पडताळावयाचें तर पांच मिनिटांचे सारे आकडे जपून ठेवावे लागतात, आणि एमआरटीजी नेमकें तेंच करीत नाहीं. महिन्याच्या आलेखांत दोन-दोन तासांची सरासरी, वर्षाच्या आलेखांत दिवसाची सरासरी. सरासरींत शिखरें बुजतात. लिब्रेएनएमएस या साधनांत आकारणीचा भाग वेगळा ठेवला आहे, आणि तेथें हा शेंकडा पंचाण्णवांचा हिशेबहि मिळतो. दोन कामें दोन जागीं ठेवण्याची ही पद्धत मला पसंत आहे.

आमच्याकडे पुढच्या महिन्यापासून बिलें नीट जाऊं लागलीं. मागच्यांचें काय, हा प्रश्न उरलाच. आकडा किती वेळां फिरून शून्यावर आला, हें कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. समितीनें मुख्य लाईनीचा एकूण आकडा घेतला, त्यांतून इतर विभागांचा वापर अदमासानें वजा केला आणि बाकी त्या विभागाच्या नांवें मांडली. ग्रंथालयाला तीन महिन्यांचा फरक परत मिळाला. तो पुस्तकखरेदीच्या रकमेंतून गेला होता. दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांनीं तो अंदाज शेवटपर्यंत मान्य केला नाहीं. पैसे मात्र भरले.