पहाटेची वाट कुणाची?

(पारनेर तालुक्यातील बायांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला ‘मुली आणि खेळ’ असा विषय दिलाय. खेळातलं मला फारसं कळत नाही. मी शर्यत म्हणून आयुष्यात कधी धावले नाही. एसटी पकडायला धावले, दावं तोडून गेलेल्या म्हशीमागं धावले, पोरगं शाळेत पडलं असा निरोप आला तेव्हा धावले. तुमचंही तसंच असणार. म्हणून मी खेळावर न बोलता वाटांवर बोलते.

आमचं गाव कुकडीच्या काठाला, निघोजच्या अलीकडं. चार वर्षांपूर्वी गावातल्या सहा मुलींनी पोलीस भरतीची तयारी सुरू केली. माझी पुतणी त्यातलीच. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर वेगळं, आणि गोळा फेकावा लागतो. महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ साली आलं. सरकारी नोकरीत बायांना तीस टक्के जागा त्याच काळात मिळाल्या. म्हणजे कागदावर जागा आहे. पण त्या जागेपर्यंत पळत जायला गावात जागा नाही, हे आम्हाला या मुलींमुळं कळलं.

पहिल्यांदा त्या डांबरी रस्त्यानं पळायच्या. पहाटे तिथं वाळूचे डंपर. उजाडलं की मोटरसायकलीवरची पोरं. ती मुद्दाम गाडी हळू करून शेजारून चालवायची आणि तोंडानं शिट्टी वाजवत आकडे मोजायची. मुली आठ दिवसांत डांबरी सोडून पाटाच्या रस्त्यानं जायला लागल्या. कुकडीच्या डाव्या कालव्याच्या भरावावरचा हा मातीचा रस्ता पळायला सोन्यासारखा आहे. गुडघे दुखत नाहीत. आवर्तन सुटलं की शेजारून पाणी चालतं, गार वाटतं. पण दोन्ही अंगाला ऊस, आणि उसात बिबट्या. जुन्नरकडून आपल्या तालुक्यापर्यंत हे दुखणं गेली वीस-पंचवीस वर्षं आहे. उसातच त्याची पिल्लं होतात, उसालाच तो रान समजतो. वन खात्याची माणसं सांगतात, एकटं जाऊ नका, आवाज करत चला, वाकून बसू नका. वाकून बसू नका! खुरपणाऱ्या बाईनं काय करायचं? जिच्या घरी संडास असून पाणी नाही, तिनं पहाटे काय करायचं? हा सल्ला उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी आहे.

मग मुलींनी माळावरची वाट धरली. तिथं वन खात्याची लागवड आहे, निंब, करंज, खैर. मधून जाळरेषा काढलेली आहे, वणवा पसरू नये म्हणून झाडोरा काढून मोकळी ठेवलेली पट्टी. चढ आहे, दम लागतो, पण दमानं छाती तयार होते असं मुली म्हणायच्या. फक्त समतल चर सांभाळायचे. अंधारात एकीचा पाय चरात गेला, घोटा सुजला. तिच्या आईनं हळद लावली आणि तोंडानं शिव्या दिल्या, दोन्ही एकदमच.

आणि चौथी नदीकाठची वाट, कुंडाच्या बाजूची. निघोजचे रांजणखळगे तुम्ही पाहिलेत. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरून फिरून काळ्या कातळाला एवढाले रांजण पडलेत. त्या कातळावर पळता येत नाही, पाय घसरला तर खाली डोह. पण काठाच्या बाभळीतून जाणारी पायवाट मऊ आहे. माझ्या पुतणीला तीच सगळ्यात आवडायची. ती म्हणायची, काकी, तिथं मला कुणी बघतंय असं वाटत नाही.

पण बघत होतं. एका पोरानं मोबाईलवर मुलींचं चित्रण केलं आणि गावभर पाठवलं. त्यात काही नव्हतं हो. पळणाऱ्या मुली होत्या, टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घातलेल्या. पण खाली काय काय लिहिलं होतं ते मी इथं सांगणार नाही. चावडीपुढं बैठक झाली. जाणती माणसं बसली, आणि दहा मिनिटांत ठरलं की पोरींनी पळणं बंद करावं. ज्यानं चित्रण केलं त्याला समज देण्याचं ठरलं. म्हणजे ज्याची चूक त्याला समज, आणि जिची चूक नाही तिला बंदी.

इथं मला माझंही सांगितलं पाहिजे. मी वीस वर्षं बचत गटाचं आणि संघटनेचं काम करते. त्या बैठकीत मी उठून काय म्हणाले? म्हणाले, बंद नको, पण जरा उजाडल्यावर पळा, आणि वरून ओढणी घ्या. बाहेर आल्यावर पुतणी माझ्याशी बोलली नाही. दोन दिवसांनी एवढंच म्हणाली, काकी, ओढणी घेऊन आठशे मीटर तुम्ही पळून दाखवा.

मैत्रिणींनो, हे आठशे मीटरचं प्रकरण जुनं आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायांना पहिल्यांदा आठशे मीटर पळू दिलं. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून खाली बसल्या, आडव्या झाल्या. पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली की बाईच्या जातीला हे झेपत नाही, आणि ती शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. बत्तीस वर्षं! दीड हजार मीटर त्यानंतर, मॅरेथॉन तर थेट १९८४ साली. १९६७ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर पळत होती, तर आयोजकांपैकी एकानं भर रस्त्यात तिला धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. त्याचे फोटो जगभर गेले. आमच्या चावडीपुढचा फोटो कुणी काढला नाही, एवढाच फरक.

आणि झेपत नाही कुणाला? सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. माण म्हणजे आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख. त्या शर्यतीत पळता पळता अडथळे ओलांडायचे असतात आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते. मला ते समजलं तेव्हा हसू आलं. बांध, चर, ओढा, डोक्यावर भारा, हे आपलं रोजचंच की. बारामतीला लता भगवान करे, साठी उलटलेली, मजुरी करणारी बाई, नऊवारीत, अनवाणी पळाली आणि पहिली आली. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते. पुढं तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात तिनं स्वतःच काम केलं. तिचं कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. बाई पैशासाठी, नवऱ्यासाठी पळाली की डोळ्यांत पाणी येतं. स्वतःसाठी, नुसतं बरं वाटतं म्हणून पळाली की ओढणी आठवते.

तर आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. कुणी म्हणालं, आपण राखणीला बसू. पहाटे धारा काढायला आपण उठतोच, पाटाच्या कडेनं आपापल्या बांधावर एकेकीनं थांबायचं. सगळ्यांना पटलं. पण मुलींतलीच एक म्हणाली, मावशी, तुम्ही राखण केलीत तर आम्ही पुन्हा राखलेल्याच झालो. तुम्ही नसाल त्या दिवशी काय? यावर आमच्यात बराच वाद झाला. काहीजणी रागावल्या, उपकाराची जाणीव नाही म्हणाल्या. मला त्या मुलीचं बरोबर वाटलं, आणि बायांचंही चूक वाटलं नाही. अजून वाटत नाही.

वाद मिटवला माझ्या आत्याबाईंनी. सत्तरी ओलांडलीय त्यांनी. गटाच्या बैठकीत त्या कोपऱ्यात शेंगा फोडत बसतात, बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “वेशीपासून माळापर्यंतचा रस्ता कुणी केला? बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडली तिथं. हे लहान होते, झोळीत टाकून फोडली. तवा आम्ही उन्हात दिसभर रस्त्यावर बसलेलं गावाला चाललं. आता नात पळाली तर गावाचं काय जातंय?”

बाया गप्प झाल्या. मैत्रिणींनो, आपल्या तालुक्यातले कितीतरी रस्ते, पाझर तलाव त्या दुष्काळी कामांवर आपल्या सासवांच्या, आयांच्या हातांनी झालेत. पुढं त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. बाई रस्ता करू शकते, झाडू शकते, त्यावरून पाणी वाहू शकते. त्यावरून रिकाम्या हातानं गेली की मात्र विचारतात, कुठं चाललीस?

मग आम्ही राखण आणि बंदी दोन्ही सोडून तिसरं केलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती बहुतेक गावांत कागदावर होते. आम्ही ती खरी भरवली. ठराव केला की वेस ते माळ हा रस्ता पहाटे साडेपाच ते सात पळणाऱ्यांसाठी राहील, त्या वेळात त्यावर डंपर येणार नाही, दोन दिवे लागतील, आणि चित्रण करणाऱ्यावर पंचायत स्वतः तक्रार करेल. ग्रामसभेत तो मांडला तेव्हा एक सदस्य म्हणाले, पळणाऱ्या पोरी किती, सहा? सहा पोरींसाठी रस्ता? आत्याबाई तिथंही होत्या. “उद्यापासून सात,” म्हणाल्या. सगळे हसले, त्यात ठराव मंजूर झाला. दिवा एकच लागला. डंपर अजून कधी कधी येतो.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई खरंच आल्या. पळायला नाही, मोजायला. हमीच्या कामावर माप घेतलेल्या दोन बाया आणि एक टेप. शंभर-शंभर मीटरवर फकीनं रेघा मारल्या. मुली तोवर नुसत्या अंदाजानं पळत होत्या. मोजल्यावर कळलं, रोजचं आठशे हे साडेसहाशेच होतं.

सहातल्या दोघी भरती झाल्या. एकीचं मध्येच लग्न लावून दिलं. तिच्या सासरी पाटाचा रस्ता आहे असं ती फोनवर सांगते, पुढं काही सांगत नाही. दोघींना दम लागायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची, तपासलं तर रक्त कमी. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांचं तेच आहे. त्यांना आधी पोटभर जेवण आणि लोहाच्या गोळ्या, पळणं नंतर. माझी पुतणी दोन गुणांनी राहिली. ती अजून पळते. नदीकाठानंच पळते, दिवा नसलेल्या वाटेनं, आणि त्यावरून आमची भांडणं होतात.

पहिल्या पावसात फकी वाहून गेली. आत्याबाई म्हणाल्या, दगड मांडा. शंभर मीटरला एक असे आठ दगड मांडले, चुना लावला. पाचवा दगड कुणीतरी उचलून नेला होता. परवा तो एका गोठ्यात दाव्याखाली सापडला. म्हैस सोडून परत आणलाय.